भेटीची वेळ त्याची, थांबणं आपलं

(शताब्दी सोहळ्यात रात्रीच्या सभेत झालेलं निरूपण. बोलताना आलेले शब्द लिहितानाही बहुतेक तसेच ठेवले आहेत.)

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांत वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली, टाळांच्या दोऱ्या किती बदलल्या त्याचा हिशेब नाही, आणि ज्यांनी आम्हांला पावली शिकवली ती माणसं बरीचशी पुढच्या मुक्कामाला निघून गेली. आज खरं तर त्यांनी बोलायचं आणि आम्ही ऐकायचं. ती नाहीत, म्हणून विश्वस्त मंडळींनी आम्हांला उभं केलं. अधिकार नाही, आज्ञा आहे, एवढं समजून ऐका.

विषय दिलाय तो वाटेवरच्या अवचित भेटींचा. न ठरवता माणूस भेटतो, आणि मागाहून वाटतं की ही भेट देवानंच वेळ बघून घातली. या मांडवात असा अनुभव नाही असा एकही माणूस नसंल. एसटी चुकली म्हणून चडफडत फाट्यावर बसलो, आणि त्याच फाट्यावर मुलीला स्थळ सांगणारा भेटला. दवाखान्यात कुणी ओळखीचं नाही म्हणून घाबरलो, आणि रक्त द्यायला उभा राहिला तो शेजारच्या गावचा टाळकरी निघाला. आपण म्हणतो, ‘काय योग बघा!’ आणि चहा पिऊन मोकळे होतो. आज जरा चहा बाजूला ठेवू. त्या योगाला आपल्याकडून काय हवं असतं, ते बघू.

वारीत तसं सगळं वेळेवर चालतं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान. कुठल्या तिथीला कुठला तळ, न्याहरी कुठं, विसावा कुठं, सगळं ठरलेलं. पहाटे कर्णा वाजतो. पहिला झाला की उठायचं, दुसरा झाला की आवरायचं, तिसऱ्याला पालखी हलते, मग कुणासाठी थांबत नाही. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट अशी शिस्तीत सरते. पण मंडळी, भेटी काही कर्ण्यावर होत नाहीत. त्या दोन मुक्कामांच्या मधे होतात, आपण घाईत असतो तेव्हा होतात, आणि बहुतेक वेळा आपल्याला नको असतात तेव्हा होतात.

याची आमची स्वतःची एक गोष्ट आहे. आजवर कीर्तनात कधी सांगितली नाही, कारण तीत आम्ही काही शोभून दिसत नाही. पण शंभराव्या वर्षी दिंडीपुढं खोटा चेहरा घेऊन उभं राहणं बरं नव्हे.

मोबाईल गावोगाव आले नव्हते तेव्हाची गोष्ट. आमचं वय पंचविशीच्या आतबाहेर. दिंडीत पताका आमच्याकडं असायची. फलटणचा मुक्काम उरकून सोहळा बरडला निघाला होता. विडणी मागं पडली, पिंप्रदला दुपारचं जेवण झालं. तिथून निघालो आणि आमच्या चपलेचा अंगठा तुटला. पताका दुसऱ्याच्या हातात दिली आणि रस्त्याकडंला वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे बसतात ना, तसा एकजण शोधला. त्याच्यापुढं ही रांग! नंबर येईपर्यंत आपली दिंडी पार पुढं गेली. चप्पल पायात घातली आणि जवळजवळ पळतच निघालो. आभाळ भरून आलेलं. तळावर तंबू ठोकायचा होता, तो पावसाच्या आत ठोकायचा होता.

त्या पट्ट्यात कालव्याचं पाणी. दोन्ही बाजूंनी ऊस. एका लिंबाखाली एक म्हातारे वारकरी झाडाला पाठ लावून बसले होते. पांढरी दाढी, गळ्यात माळ, एक पाय लांब सोडलेला. शेजारी पितळी तांब्या, आणि तांब्याच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली. आम्हांला बघून त्यांनी हात वर केला आणि हाक मारली, ‘ओ माउली!’

आम्ही काय केलं? दोन्ही हात जोडले, मान लववली, ‘माउली, माउली’ म्हणालो, आणि पुढं गेलो.

वारीत रोज हजार माणसं एकमेकांना माउली म्हणतात. म्हणालो आणि गेलो, तर त्यात काय एवढं, असं कुणी म्हणंल. पण वर केलेला हात नमस्काराचा आहे का आधार मागण्याचा, हे न कळण्याइतके आम्ही खुळे नव्हतो. कळलं होतं. मनात एवढंच आलं, की मागून लाखभर माणूस येतंय, कुणीतरी बघंल. असं ‘कुणीतरी’ म्हटलं की आपलं मन लगेच मोकळं होतं.

संध्याकाळी बरडच्या तळावर समाज आरती. तुम्हांला माहीत आहे, मधे माउलींची पालखी, भोवती सगळ्या दिंड्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असंल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. तिची दाद घेतली की तीही गप्प होते. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचं माणूस. त्या संध्याकाळी पुकारलं, की एक वृद्ध वारकरी दिंडीपासून चुकले आहेत, पांढरी दाढी, पितळी तांब्या, तांब्याला लाल चिंधी.

आम्ही तिथंच उभे होतो. ऐकलं. दोन पावलं पुढं जाऊन ‘मी बघितलंय’ एवढं सांगायचं होतं. तोंड उघडलं नाही. आता खरं सांगतो, आळस नव्हता तो. लाज होती. सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, ‘बघितलंस, मग थांबला का नाहीस?’ त्या एका प्रश्नाच्या भीतीनं आम्ही एक म्हातारं माणूस अंधारात राहू दिलं.

रात्री पंगत बसली. पुढ्यात भाकरी आणि आमटी आली. तेवढ्यात आमच्या टँकरपाशी एक तरणा मुलगा आला. ‘माउली, पाणी मिळंल का?’ कुणीतरी तांब्या भरून दिला. घटाघटा प्याला. तांब्या परत दिला, पण जाईना. म्हणाला, ‘आमचं म्हातारं चुकलंय. दुपारपासनं हुडकतोय. लाल चिंधीचा तांब्या हाय त्यांच्याकडं.’

त्या तळावर किती तंबू असतात ते सांगायला नको. नजर पोचत नाही इतके. त्या सगळ्यांतून तो पोरगा पाण्यासाठी आमच्याच टँकरपाशी आला, आणि आम्ही हातातला घास तोंडात घालायच्या वेळेला आला. आता पळायला जागा नव्हती. ताटावरून उठलो. म्हणालो, ‘बघितलंय. चल, दावतो.’

बॅटरी घेऊन दोघं उलटं चालत निघालो. वाटेत त्याला सांगून टाकलं, की आम्ही बघितलं आणि थांबलो नाही. तो काही बोलला नाही. कोसभर कुणीच काही बोललं नाही. लिंबाशी पोचलो तर तिथं माणूस नव्हतं. तांब्या होता. कालव्याच्या कडेला आडवा पडला होता. पोरानं तांब्या उचलला आणि मटकन खाली बसला. आम्ही कालव्याच्या पाण्यावर बॅटरी टाकली. मंडळी, त्या उजेडात पाण्याशिवाय काही दिसू नये म्हणून आम्ही जो पांडुरंगाचा धावा केला, तसा त्याआधी केला नव्हता आणि त्यानंतरही आमच्याच्यानं झाला नाही.

तेवढ्यात उसापलीकडं कुत्रं भुंकलं. वस्तीवर एक दिवा दिसला. गेलो. ओसरीवर बाबा घोंगडीवर बसलेले. पायाला हळद लावून फडकं बांधलेलं. बशीतनं चहा पीत होते.

त्या घरच्या अक्का सांगायला लागल्या, ‘आमची कालवड दावं तोडून पळाली बघा. तिला हुडकत मी बांधाला गेले. न्हाईतर दिवस बुडाल्यावर त्या अंगाला कोण जातंय? हे बाबा चारीत पडल्यालं. उठाय येईना त्यास्नी.’

बाबा चारीत कसे पडले? आमच्या मागं यायला उठले म्हणून. हाकेला आम्ही थांबलो नाही, तेव्हा आपणच चार पावलं टाकावीत म्हणून उठले, आणि दुखरा पाय सरकला. त्यांनी आम्हांला ओळखलं. लेकाला म्हणाले, ‘ह्या लेकरानं मगाशी मला नमस्कार केला हुता.’ आवाजात टोमणा नव्हता. नुसतं सांगितलं. आम्ही त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, ‘आलास न्हवं माघारी? मग झालं.’

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दिंडीच्या ट्रकमधून ते पुढं निघाले आणि पंढरीला पोचले. पुढं काही वर्षं वारीत भेटत राहिले. भेटले की आधी ते आमच्या पाया पडायला वाकायचे, मग आम्ही त्यांच्या. नंतर एका वर्षी लेक एकटाच भेटला. हातात तोच तांब्या, तीच चिंधी.

आता या गोष्टीत योग कुठं आहे ते शोधा. चपलेचा अंगठा तुटला नसता तर आम्ही दिंडीबरोबर पताका घेऊन पुढं गेलो असतो आणि बाबा आम्हांला दिसलेच नसते. कालवडीनं दावं तोडलं नसतं तर अक्का बांधाला गेल्या नसत्या. पोराला तहान लागली ती आमच्या टँकरपाशी. चामडं, दावं आणि तहान, तिन्ही गोष्टी एकमेकींच्या ओळखीच्या नाहीत. कुणी म्हणंल योगायोग. आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. आम्ही आपलं म्हणतो, की पांडुरंगानं वेळ साधली. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यानं वेळ पहिल्यांदा साधली ती दुपारी, लिंबाखाली. चप्पल तोडून, आम्हांला एकटं पाडून, बरोबर त्या म्हाताऱ्यासमोर आणून उभं केलं होतं. ती वेळ आम्ही चुकवली. दुसऱ्यांदा समाज आरतीत पुकारून विचारलं. तीही चुकवली. तिसऱ्यांदा तो तहानलेला होऊन ताटापर्यंत आला. देवाची वेळ चुकली नाही. आम्ही चुकलो, आणि त्यानं पुन्हा दार वाजवलं. आणि तोवर म्हाताऱ्याचा जीव सांभाळायला एक कालवड सोडून दिली.

आता आपल्या संतांकडं बघू, कारण आमच्या गोष्टीला तिथं आधार मिळाला तरच ती खरी.

आपल्या संप्रदायाची सुरुवातच मुळी एका अवचित भेटीनं झाली. पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता. पाहुणा दारात आला, सांगून आला नव्हता. पुंडलिकानं वीट टाकली आणि उभं राहायला सांगितलं. देव उभा राहिला, तो अजून कमरेवर हात ठेवून उभा आहे. अठ्ठावीस युगं झाली म्हणतात. यात उशीर कुणाचा झाला? कुणाचाच नाही. पुंडलिक आपल्या जागेवर होता, म्हणून देवाला त्याचा पत्ता सापडला.

इथं कुणी आम्हांला अडवील, की महाराज, पुंडलिकानं तरी हातातलं काम कुठं सोडलं? तुम्हीही दिंडी गाठायला निघाला होता, तंबू ठोकायचा होता, तीही सेवाच. मग तुमची चूक काय? प्रश्न बरोबर आहे. आम्ही स्वतःलाही तो पुष्कळ वर्षं विचारला, सुटका मिळते का बघायला. सुटका मिळाली नाही. पुंडलिकाच्या हातात म्हाताऱ्या माणसांचे पाय होते. आमच्या हातात काय होतं? चप्पल शिवून झालेली, आणि डोक्यात आपल्या तंबूची चिंता. पुंडलिकानं आईबापासाठी देवाला थांबवलं. आम्ही तंबूसाठी कुणाच्या तरी बापाला थांबवलं. दोन्ही थांबवण्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणि नाथमहाराज बघा. त्यांची कथा याच्या उलटी. गंगेची कावड खांद्यावर, रामेश्वराला अभिषेक करायचा संकल्प. कित्येक महिन्यांची पायपीट. वाटेत वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं. बरोबरचे यात्रेकरू हळहळले असतील, नाही असं नाही. पण कावड कुणाची खाली आली? नाथांची. पाणी गाढवाच्या मुखात घातलं आणि रामेश्वर इथंच पावला असं मानलं. पुंडलिकानं हातातलं सोडलं नाही, नाथांनी हातातलं सोडलं. मग खरं कुणाचं? दोघांचंही. कारण दोघांनीही बघितलं एकच, की या घडीला माझी सगळ्यांत जास्त गरज कुणाला आहे. ते कळलं की कावड ठेवायची का वीट टाकायची, ते आपोआप ठरतं.

तिसरी गोष्ट आपल्या सोहळ्याचीच. माउलींच्या पालखीचा आज आपण बघतो तो थाट, दिंड्यांची शिस्त, घोडे, ही सगळी घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी. ते सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंदे सरकारांच्या पदरी होते. परंपरेत सांगतात, की घरी परतताना वाटेत लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडलं. बाबांनी आत बसून हरिपाठ चालवला. एकवीस दिवस झाले, आणि त्याच वेळी लुटारूंच्या नायकाला मुलगा झाला. या माणसाच्या पायगुणानं झाला, अशी त्याची भावना झाली आणि त्यानं बाबांना सोडलं. सुटले ते घरची वाट सोडून आळंदीला आले आणि माउलींच्या सेवेला कायमचे राहिले. आज आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे, तिच्यावर डोकं ठेवूनच आपण आत जातो.

विचार करा. एका परक्या घरात पाळणा हलला आणि त्या आनंदातून इथं लाखो माणसांची वाट सुरू झाली. ती वेळ हैबतबाबांच्या हातात होती का? नाही. सुटका कधी होईल हे त्यांना ठाऊक होतं का? नाही. त्यांच्या हातात हरिपाठ होता, तेवढा त्यांनी सोडला नाही. विसाव्या दिवशी ते रडत, शिव्या घालत बसले असते, तर एकविसाव्या दिवशी नायकाला त्यांच्यात पायगुण दिसला असता का, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. भेटीची वेळ त्याच्याकडं आहे. ती आपल्याला आधी कळत नाही, नेहमी मागाहून कळते. चप्पल तुटली तेव्हा आम्ही वैतागलोच होतो. तिचा अर्थ रात्री ओसरीवर बसल्यावर लागला. पण वेळ त्याच्याकडं असली तरी थांबणं आपल्याकडं आहे. तो चप्पल तोडू शकतो. आपले पाय मात्र तो धरून ठेवत नाही.

आता एक गोष्ट जरा जपून सांगायची आहे.

प्रत्येक चुकलेलं माणूस सापडत नाही. प्रत्येक वेळी कालवड दावं तोडत नाही. शंभर वर्षांत आपल्याही दिंडीतली माणसं वाटेत गेली आहेत. कुणी उन्हानं, कुणी आजारानं, कुणाला वाहनाची धडक बसली. त्यांच्या घरी जाऊन आपण काय बोलतो? ‘वेळ आली होती.’ ‘भाग्यवान, वारीत गेला.’ मंडळी, हात जोडून सांगतो, असं पटकन बोलू नका. देवाची वेळ हा शब्द आपल्या स्वतःच्या वाट्याला जे आलं त्याच्याबद्दल बोलायचा आहे. आपण सुटलो, आपल्याला भेट घडली, आपण चुकलो आणि पुन्हा संधी मिळाली, तिथं जरूर म्हणा की देवानं वेळ साधली. दुसऱ्याच्या दुःखावर तो शब्द नेऊन चिकटवायचा नाही. त्या माउलीला स्वतःला म्हणावंसं वाटलं तर ती म्हणंल. तोवर आपण तिच्या घरी भाकरी घेऊन जावं, तिच्या पोरांची शाळा बघावी, तिच्या शेतात एक दिवस खुरपायला जावं. त्या रात्री कालव्यात काही दिसलं असतं, तर त्या पोराला ‘वेळ आली होती’ हे सांगायचं तोंड आम्हांला होतं का? नव्हतं. हे आठवलं की जीभ जागेवर राहते.

आणि दुसरं, अशा भेटींचा तोरा मिरवू नये. ‘मला देव भेटला, मला साक्षात्कार झाला’ असं म्हणत सुटलेली माणसं आपण बघतो. भेट घडली ती बहुधा आपल्यासाठी नसतेच. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, की त्या रात्री देवानं आम्हांला धडा शिकवला. हे म्हणणंही थोडं फुगलेलंच आहे. खरं म्हणजे देवाला त्या म्हाताऱ्याला चारीतून बाहेर काढायचं होतं. आम्ही जवळ होतो म्हणून आधी आम्हांला सांगून बघितलं. आम्ही हललो नाही, म्हणून कालवडीला सांगितलं. ती हलली.

हसू नका, खरं आहे ते. आपल्यापेक्षा एक कालवड वेळेवर निघाली.

त्या प्रसंगानंतर आम्ही दिंडीच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. तेव्हाचे विणेकरी बाबा गप्प ऐकत होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘पुढच्या सालापासनं दिंडीच्या मागं दोघं चालतील. पाण्याचा कॅन, बॅटरी आणि काठी घेऊन. रस्त्याकडंला कुणी बसल्यालं दिसलं, की आपल्या दिंडीचं हाय का परक्या, इचारायचं न्हाई. आधी पाणी द्यायचं.’ तेव्हापासून आजवर ते दोघं चालतात. नवीन पोरांना वाटतं ही दिंडीची जुनी रीत आहे. ती आमच्या चुकीतून निघालेली रीत आहे, हे या शंभराव्या वर्षी कागदावर यावं म्हणून आज बोललो.

आणि ती वस्ती. त्या वर्षापासून आपली दिंडी तिथं पाच मिनिटं टेकते, हे तुम्हांला ठाऊक आहे. अक्का गूळ-पाणी देतात, विणेकऱ्यांच्या पाया पडतात आणि म्हणतात, ‘औंदा समदी नीट आलासा न्हवं?’ 2020 साली महामारीमुळं पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. पुढच्या वर्षीही तसंच झालं. आपण घरोघरी बसलो. तेव्हा अक्कांच्या नातवानं फोन लावून दिला. अक्का म्हणाल्या, ‘रस्ता निस्ता मोकळा पडलाय बघा. तरी म्या पानी भरून ठेवलंय. कोन आलं तर आसावं.’

मंडळी, कुणी येणार नाही हे ठाऊक असताना पाणी भरून ठेवणारी ती बाई आम्हांला पुंडलिकाच्या जवळची वाटते. भेट कधी होईल ते तिला माहीत नाही. घागर मात्र भरलेली आहे. देवाला वेळ साधायची झाली तर तो अशा घराकडं वळेल, का आमच्यासारख्या घाईत असलेल्याकडं, तुम्हीच सांगा.

आता आवरतं घेतो, भजनाची वेळ होत आली. जाताना एकच मागणं. उद्यापासून कुणालाही माउली म्हणाल, तेव्हा क्षणभर त्याच्या तोंडाकडं बघा. त्याचा हात नमस्काराला वर आलाय का आधाराला, तेवढं बघा. वारीतच नाही, बाजारात बघा, बांधावर बघा, घरात बघा. घरातल्या म्हाताऱ्यांचाही हात वर असतो, आपण तिथंही ‘हां हां’ म्हणून पुढं जातो. तोंडानं माउली म्हणणं सोपं आहे, आम्हीही म्हणालो होतो. पाय थांबले तर ते म्हणणं खरं.

पुढच्या शंभर वर्षांत या दिंडीत किती माणसं येतील, किती जातील, पांडुरंगाला ठाऊक. दिंडीच्या मागं चालणारे ते दोघं मात्र कधी बंद पडू देऊ नका. आणि त्यांच्यातल्या एकाची जागा रिकामी झाली, तर आम्हांला सांगा. गुडघे दुखतात, पण मागं चालायला घाई नसते, जमंल.

आमच्या बोलण्यात जे चुकलं असंल ते आमचं, जे बरं वाटलं असंल ते तुमच्या चरणांचं.

राम कृष्ण हरि! ज्ञानोबा माउली तुकाराम!